डोंगरावरचा इंग्रजीचा तास

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण माथेरानला जाऊन आले असतील. घोड्यावर बसला असाल, चिक्की खाल्ली असेल, एखाद्या माकडाने हातातला चिवडा पळवला असेल. घरी येईपर्यंत चपला, मोजे, पँटचे पाय सगळं तांबडंलाल झालं असेल आणि त्यावरून आईची बोलणीही खाल्ली असतील! पण माथेरानला कुणी इंग्रजीच्या तासाला गेलंय का? आम्ही गेलो होतो. तीच हकिकत आज सांगणार आहे.

मी रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमची शाळा माथेरानच्या पायथ्याशी आहे. वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसतो. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे धबधबे उतरतात, आणि गाडी चालू असली की छोट्या रेल्वेची शिटी ऐकू येते. आमच्या मुलांचे आईवडील याच डोंगरावर पोट भरतात. कुणी घोड्यामागे धावतं, कुणी हॉटेलात भांडी घासतं, कुणी पाहुण्यांचं सामान डोक्यावर वाहतं. म्हणजे डोंगर आमच्या रोजच्या भाकरीचा. पण पाचवी ते सातवीच्या बावीस मुलांना मी एकदा विचारलं, "पाहुण्यासारखं, हिंडायला म्हणून माथेरान कुणी पाहिलंय?" तर हात वर आले फक्त चार!

आता थोडं माझ्याविषयी. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. मी त्याच्या आधीची. पाचवीत गेल्यावर मी पहिल्यांदा एबीसीडी गिरवली. डी.एड्. झाले, नोकरीला लागले, इंग्रजीचं पुस्तक हातात आलं, पण खरं सांगू का? शेजारी कुणी फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं की अजूनही माझ्या तळहाताला घाम येतो. व्याकरण येतं, शब्द येतात. बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते.

आणि ज्याला स्वतःला भीती वाटते ना, तो दुसऱ्याच्या चुका फार काढतो. माझंही तसंच झालं होतं.

साळूची गोष्ट

आमच्या सातवीत एक मुलगी आहे. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. मी तिला मनातल्या मनात 'साळू' म्हणते. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेला प्राणी. कुणी फार जवळ गेलं की ते काटे उभे करतं. आमची साळू तशीच. गणितात पहिली, पळण्यात पहिली, पण इंग्रजीचा तास सुरू झाला की तोंड गच्च मिटून, खाली मान घालून बसणार. काही विचारलंच तर फणकाऱ्याने, "येत न्हाई!"

ती आधी अशी नव्हती. तिला असं मीच केलं.

झालं होतं असं, की जूनमध्ये मी वर्गात प्रत्येकाला 'तुझी आई काय करते?' ते इंग्रजीतून सांगायला लावलं होतं. कुणी म्हणालं 'माय मदर इज अ फार्मर', कुणी म्हणालं 'माय मदर इज अ हाउसवाइफ'. साळू उत्साहाने उभी राहिली. तिची आई माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर पाहुण्यांच्या बॅगा वाहते. साळूला सगळं एका वाक्यात सांगायचं होतं. ती म्हणाली, "माय मदर इज बॅग!"

वर्ग खो-खो हसला. मी त्यांना गप्प करायला हवं होतं. पण मी काय केलं? फळ्याकडे वळले, वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि त्यावर लाल खडूने मोठी फुली मारून विचारलं, "यात काय चुकलं, कोण सांगेल?" बारा हात वर झाले. मी मागे वळले तेव्हा साळू खाली बसली होती. त्यानंतर सहा महिने तिने इंग्रजीचा एक शब्द काढला नाही.

मला वाटायचं, मुलीला आवडच नाही विषयाची. चूक माझी आहे हे कळायला मला डोंगर चढावा लागला.

चिठ्ठ्यांची पिशवी

दिवाळीनंतर आमच्या मुख्याध्यापक गुरुजींनी एक गोष्ट बोलून दाखवली. ते म्हणाले, "बाई, पोरं पोहायला पाण्यात शिकतात. तुम्ही त्यांना काठावर बसवून हात मारायला लावताय. इंग्रजी लागतं कुठे, तिथे न्या की एकदा!"

इंग्रजी लागतं कुठे? मी विचार करत खिडकीबाहेर पाहिलं. समोर डोंगर उभा होताच!

जानेवारीत सहल ठरली. मी एका कापडी पिशवीत चिठ्ठ्या टाकल्या. दोघादोघांच्या जोडीने एक चिठ्ठी उचलायची. प्रत्येक चिठ्ठीत रोजच्या जगण्यातला एक प्रसंग होता. आपण किती जण आहोत ते खिडकीवर सांगा. तिकिटं काढा. दुकानात किंमत विचारा. अनोळखी माणसाला रस्ता विचारा. कुणाला धक्का लागला तर माफी मागा. कुणी मदत केली तर आभार माना. पाठ केलेलं वाक्य म्हणायचं नाही, समोरच्या माणसाकडून काम करून घ्यायचं. काम झालं की उत्तर बरोबर!

साळूने चिठ्ठी उचलली, वाचली आणि न बोलता दप्तरात कोंबली. तिला 'रस्ता' मिळाला होता. मी काही विचारलं नाही.

फुल किती, हाफ किती?

माथेरानला मोटारगाड्या चालत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक असेलच. २००३ साली हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडला तर बाकीची वाहनं दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा रेल्वेने. २०२२ च्या डिसेंबरात तिथे विजेवर चालणाऱ्या रिक्षाही आल्या.

आम्ही पिकअपमधून दस्तुरीला उतरलो. तिथे प्रवेशकराची खिडकी आहे. पहिली चिठ्ठी तिथलीच. आमच्या दोन वीरांनी छाती फुगवून खिडकीत तोंड घातलं. आतल्या काकांना मी आधीच डोळ्यांनी खुणावलं होतं. त्यांनीही मजेने विचारलं, "हाऊ मेनी?"

"ट्वेंटी टू चिल्ड्रन! वन गुरुजी! वन बाई!"

काका म्हणाले, "व्हेरी गुड. हू इज बाई?" दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "शी इज बाई!" तिथल्या रांगेतली सगळी माणसं हसली, पण ते हसणं वेगळं होतं. कौतुकाचं होतं. दोन्ही पोरं ताठ मानेने परत आली.

पुढे अमन लॉज स्टेशन. दुसऱ्या जोडीने तिकिटं काढली. पाच वर्षं पुरी झालेल्या पण बाराच्या आतल्या मुलांना हाफ तिकीट, त्यापुढे फुल. म्हणून आधी हिशेब करावा लागला: बारा वर्षं पुरी झालेले किती, न झालेले किती. 'हाफ' आणि 'फुल' हे शब्द मुलांना शिकवावेच लागले नाहीत. हाफ पँट आणि फुल पँट कुणाला ठाऊक नाही?

मग ती छोटी, गमतीशीर गाडी आली. तिचे रूळ फक्त दोन फूट रुंदीचे. नेरळपासून माथेरानपर्यंत ही रेल्वे सुमारे एकवीस किलोमीटर वळणं घेत घेत चढते. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने ती बांधून घेतली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीला नेलं आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. वाटेत 'वॉटर पाइप' नावाचं एक स्टेशनही आहे! पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान एवढी गाडी तेव्हाही चालू ठेवतात. आम्ही तेवढाच टप्पा घेतला. वीसेक मिनिटांचा प्रवास, पण मुलांचा आनंद काय सांगू! रोज शिटी ऐकणारी मुलं त्या दिवशी शिटीच्या गाडीत बसली होती.

पोर्क्युपाइन नावाचा साहेब

माथेरान स्टेशनातून बाहेर पडलं की बाजार, आणि बाजारापासून जांभ्याच्या लाल वाटा झाडीत शिरतात. फाट्याफाट्यावर पाट्या. एको पॉइंट, लुईझा पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, वन ट्री हिल, शार्लोट लेक, पोर्क्युपाइन पॉइंट. मला एकदम सुचलं, अरे, हा तर उघड्यावर मांडलेला धडाच आहे!

"आधी 'पॉइंट' म्हणजे काय ते सांगा," मी म्हटलं.

"कबड्डीत मिळतो तो!" एक जण.

"पेन्सिलीचं टोक!" दुसरी.

"भिंतीतला बाई, चार्जर लावायचा!" तिसरा.

तिघंही बरोबर! आणि इथला पॉइंट म्हणजे डोंगराचं दरीवर पुढे आलेलं टोक. एकाच शब्दाची चार कामं. अशी माणसं आपल्या वाडीतही असतात की नाही? सकाळी घोडेवाला, दुपारी गवंडी, रात्री भजनात पेटी वाजवणारा!

मग नावांच्या दोन टोपल्या केल्या. एकीत माणसांची नावं, दुसरीत अर्थाची नावं. लुईझा, शार्लोट, अलेक्झांडर ही माणसांची. वन ट्री हिल म्हणजे एका झाडाची टेकडी, ही अर्थाची. पॅनोरमापाशी सगळे अडले. एवढ्यात गुरुजींचा मोबाइल हाताळणारा सहावीतला एक जण ओरडला, "बाई, फोटोत असतं ते! फोन असा गोल फिरवायचा, लांबलचक फोटो येतो!" अगदी बरोबर. चहूकडचा विस्तीर्ण देखावा म्हणजे पॅनोरमा. शब्दकोश उघडायची गरजच पडली नाही.

"आणि बाई, पोर्क्युपाइन हा कुठला साहेब होता?"

मला हसू आवरेना. "अरे, तो साहेब नाही, साळू!" मी म्हटलं. मुलं हसून लोळायची बाकी राहिली. मी हळूच आमच्या साळूकडे पाहिलं. तीही हसत होती, तोंडावर ओढणी धरून.

मग मी सांगितलं, की १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि त्यानंतर इथे साहेब लोकांचे बंगले झाले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 'मॅलेटने माथेरान शोधलं' असं पुस्तकांत लिहिलेलं असतं.

"म्हणजे त्याच्या आधी इथं कुणीच नव्हतं?" साळूने विचारलं. मराठीत, पण विचारलं.

मी उलट विचारलं, "माथेरान हे नाव कुठल्या भाषेतलं?"

ती क्षणभर थांबली. "आपल्या. माथ्यावरचं रान."

"मग हे नाव ठेवलं कुणी?"

तिचे डोळे चमकले. उत्तर मला द्यावंच लागलं नाही. पायथ्याच्या वाड्यांतली माणसं हे रान आधीपासून ओळखत होती. साहेबांनी टोकांना नावं दिली, डोंगराचं नाव मात्र आपलंच राहिलं.

फिफ्टी की फिफ्टीन?

चिक्कीच्या दुकानात तिसरी चिठ्ठी उघडली. दुकानदार मराठीच, पण त्यांनी मुलांशी शेवटपर्यंत इंग्रजीच बोलायचं कबूल केलं होतं. आमच्या जोडीतल्या एकाने पुडा उचलला. "हाऊ मच?"

"फिफ्टी."

त्याने दहाची एक नोट आणि पाचचं नाणं काढून ठेवलं. दुकानदारांनी मान हलवली. "नो, नो. फिफ्टी!" त्याने परत नाणं-नोट पुढे सरकवली. "येस, येस. फिफ्टीन!" असं तीन वेळा झालं. शेवटी दुकानदारांनी दोन्ही हातांची बोटं पाच वेळा उघडून दाखवली. पोराचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याचा पुडा हिसकावून घेतला!

पंधरा आणि पन्नास यांच्या इंग्रजी उच्चारातला फरक मी वर्गात तीनदा शिकवला होता. वर्गात त्याला तो कधी कळला नाही. दुकानात एकदाच कळला, आणि आता जन्मात विसरणार नाही. पस्तीस रुपयांचा प्रश्न होता ना!

डोंगर चुका काढत नाही

शार्लोट तलावाचं पाणी पाहिलं, काठावरच्या पिसारनाथाला नमस्कार केला आणि आम्ही एको पॉइंटला पोचलो. एको म्हणजे प्रतिध्वनी. ग्रीक लोकांच्या एका जुन्या कथेत एको नावाची वनदेवता आहे. तिला शाप मिळतो, की स्वतःहून तिला काही बोलता येणार नाही, दुसऱ्याच्या बोलण्याची शेपटी तेवढी म्हणता येईल. तिचंच नाव या शब्दाला मिळालं.

विज्ञानाचा भाग गुरुजींनी समजावला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. समोरचा कडा १७० मीटरवर असेल, तर जायला अर्धा सेकंद आणि यायला अर्धा. बरोबर एका सेकंदाने आपलाच आवाज परत. कडा सतरा मीटरहून जवळ असेल तर मात्र मूळ आवाज आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, वेगळे ऐकूच येत नाहीत.

मग काय, कठड्यामागे ओळीने उभं राहून गलका सुरू! "हॅलो!" "हाऊ आर यू?" "व्हॉट इज युवर नेम?" डोंगरही विचारी, "...नेम?" एकाने "आय अॅम फाइन" सांगून टाकलं, तर डोंगरही "फाइन!"

मुलं डबे खायला झाडाखाली गेली. मी मोजायला लागले, तर एकवीसच. मागे वळून पाहिलं. साळू एकटीच कठड्याशी उभी होती. मी झाडाआड थांबले.

ती अगदी हळू आवाजात काहीतरी पुटपुटली. डोंगर गप्प. तिने इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्याने. तरी उत्तर नाही. पुटपुटलेलं डोंगराला ऐकू येत नाही ना! मग तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळा जीव एकवटून ओरडली,

"माय मदर!"

"...मदर!" डोंगर म्हणाला.

त्याने लाल फुली मारली नाही. वर्गाला 'काय चुकलं?' असं विचारलं नाही. जे आलं ते त्याने तसंच, जपून परत दिलं.

मी तिथे उभी होते आणि मला तो जूनमधला फळा दिसत होता. खरं सांगते मुलांनो, बाईंनाही कधीकधी फार लाज वाटते.

रुळांच्या कडेने

परतीला आम्ही गाडीऐवजी चालत निघालो. माथेरान स्टेशनापासून अमन लॉजपर्यंत रुळांच्या कडेने वाट आहे, अडीच-तीन किलोमीटरची. मोठी मुलं पुढे, मी आणि गुरुजी लहानांना घेऊन मागे. 'गाडीची शिटी ऐकली की सगळ्यांनी कडेला उभं राहायचं' अशी सक्त ताकीद दिलेली होती.

एका वळणावर पुढची मुलं थांबलेली दिसली. तिथे एक आजोबा दगडावर बसले होते. शेजारी आजी, आणि दोघांमध्ये एक फुगलेली मोठी बॅग. चेहरे घामाने डबडबलेले. गाडी चुकली होती, दस्तुरीला त्यांचा मुलगा मोटार घेऊन थांबला होता, आणि आजोबांचा गुडघा आता पुढे जायला तयार नव्हता. ती दोघं तमिळनाडूची. मराठी तर नाहीच, हिंदीही त्यांना येत नव्हतं. आजी हात जोडून इंग्रजीत विचारत होत्या, "दस्तुरी? हाऊ फार? विच वे?"

आमचे 'हाऊ आर यू'वाले सगळे वीर मागे सरकले. पाठ केलेल्या वाक्यांत आजोबांचा गुडघा नव्हता!

मी पाय उचलला. मदत करायची म्हणून, आणि खरं सांगायचं तर तळहाताला घाम सुटलाच होता. एवढ्यात साळू पुढे झाली.

"आजी," ती आधी मराठीतच म्हणाली. मग थांबली, श्वास घेतला. "यू सिट. नो टेन्शन. दस्तुरी निअर. धिस लाइन... गो, गो, गो, स्टेशन."

आजींना कळलं. त्यांनी बॅगेकडे आणि आजोबांच्या गुडघ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

साळूने मागे पाहिलं. अख्खा वर्ग तिच्याकडे बघत होता. जूनमध्ये हसलेला तोच वर्ग. तिने ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, संपलं, आता काटे उभे राहणार.

"वेट," ती आजींना म्हणाली. "माय मदर कॅरी बॅग. आय ब्रिंग."

आणि ती पळाली. पळण्यात पहिली आहे हे सांगितलंच आहे मी!

माझ्या जिभेवर आलं होतं, 'कॅरीज म्हण, आय विल ब्रिंग म्हण.' ते मी गिळून टाकलं. आजींना 'विल' नको होतं, मदत हवी होती.

पंधरा-वीस मिनिटांत साळू आईला घेऊन आली. आईने पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, बॅग सहज उचलून घेतली आणि एक हात आजोबांपुढे धरला. "कम, अंकल. स्लोली स्लोली. स्टोन. लुक डाऊन." प्रत्येक उंचवट्याला तिचं सांगणं चालू, "हिअर स्टेप. गुड. नाऊ स्ट्रेट." आजोबा त्या आवाजाच्या आधाराने एकेक पाऊल टाकत होते. मागून बावीस मुलांची वरात!

या बाईंनी इंग्रजीचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. त्यांची शाळा म्हणजे दस्तुरीचा नाका. जो शब्द लागला तो शिकल्या, जो शिकल्या तो रोज वापरला. आणि गंमत म्हणजे, त्या आजींचंही इंग्रजी अडखळतच होतं. त्यांच्या घरची भाषा तमिळ, साळूच्या आईची घरची बोली वेगळी. इंग्रजी दोघींचीही नव्हती. नदीवर टाकलेल्या साकवासारखी ती मध्ये होती. साकव थोडा वाकडा असला म्हणून काय झालं? पलीकडे पोचवतो की!

दस्तुरीला पोचल्यावर आजींनी साळूच्या आईला पैसे दिले. त्यांनी नेहमीचे तेवढेच घेतले, वरचे परत केले. कामाचे पैसे घेण्यात कसली लाज? मग आजी साळूकडे वळल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "यू स्पीक व्हेरी नाइस इंग्लिश."

साळूने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली.

दुसऱ्या दिवशीचा फळा

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यात आधी एक काम केलं. "जूनमध्ये मी चुकले होते," असं सर्वांसमोर साळूला सांगितलं. वर्ग एकदम चिडीचूप. बाई माफी मागतात हे त्यांना नवीन होतं. माफी मागायची चिठ्ठी कुणालातरी मिळाली होती ना? मला वाटलं, ती आपणच वापरावी!

मग सगळ्यांनी सहलीवर इंग्रजीत दोन-दोन वाक्यं लिहिली. साळूने लिहिलं, 'माय मदर कॅरी बॅग्ज. शी स्पीक इंग्लिश.' मी वहीवर लाल पेन चालवलं नाही, खाली लिहिलं, 'व्हेरी ट्रू.' अगदी खरं!

याचा अर्थ चुका तशाच ठेवायच्या असा नाही हं! त्याच आठवड्यात मी अख्ख्या वर्गाला 'कॅरीज' आणि 'स्पीक्स' यांतला 'स' शिकवला. फळ्यावर कुणाचंही नाव नव्हतं, फुली नव्हती. आणि तो 'स' सगळ्यांत लवकर साळूलाच आला, कारण आता तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. आधी बोलणं, मग नीट बोलणं. मी इतकी वर्षं उलटीकडून चालले होते.

हल्ली आमच्याकडे दर शनिवारी चिठ्ठ्यांची पिशवी निघते. कधी वर्गाचं पोस्ट ऑफिस होतं, कधी दवाखाना, कधी एस.टी. स्टँड. एका शनिवारी साळूची आईही आली होती. सामान उचलताना, वाट दाखवताना काय बोलतात ते तिने मुलांना करून दाखवलं. एका मुलाने तिला मध्येच सुधारायचा प्रयत्न केला, तर साळूने अस्से काटे उभे केले, की विचारू नका!

आता तुमची पाळी

तुमच्या गावात माथेरान नसेल, पण पाट्या असतीलच. बँकेत, दवाखान्यात, रेल्वे स्टेशनवर, औषधाच्या बाटलीवर, बियाण्याच्या पिशवीवर. या रविवारी एक वही घेऊन निघा. दहा इंग्रजी शब्द गोळा करा. माणसांची नावं एका टोपलीत, अर्थाची दुसऱ्या टोपलीत. घरातल्या मोठ्यांना विचारा, की कामावर त्यांना कोणते इंग्रजी शब्द लागतात. मेकॅनिक काका, नर्सताई, ट्रॅक्टर चालवणारे मामा यांच्याकडे केवढा साठा आहे ते पाहून तुम्ही चकित व्हाल.

आणि मग एक वाक्य बोला. मोठ्याने बोला. पुटपुटलेलं डोंगरालासुद्धा ऐकू येत नाही!